पुढच्या खोलीतला भाया

पिक्चर लागला हुता रविवारी दुपारचा, खानावळीच्या मालकीनबायच्या टीव्हीवर. जुना, काळा-पांढरा, हिंदी. नव्वद साल उलटून गेलं हुतं तवाची गोष्ट. बारामतीत कॉलेजची पोरं जेवायची, त्या खानावळीत मी भाकरी थापायला हुते. रविवारी निम्मी पोरं गावाला जायाची, काम हलकं असायचं. म्हनून आमी चार बाया टीव्हीपुढं शेंगा फोडत बसलो हुतो.

हिंदी मला निम्मं कळायचं. पन त्या पिक्चरला भाषा लागतच न्हवती. एक पोरगी नोकरीसाठी मोठ्या शहरात येती. एक पोरगा बी येतो. दलाल लबाड. दोघांस्नी एकाच फ्लॅटची किल्ली देतो आन पसार हुतो. मग काय, ती म्हनती घर माझं, त्यो म्हनतो माझं. भांडत्यात, उशा फेकून मारत्यात. त्येची भाजी करपती, ती हसती. तिची वाळत घातलेली साडी त्येच्या तोंडावर पडती. घरमालकीन बघाया आली की दोघं सांगत्यात, आमी नवरा-बायको. म्हातारी खूश. शेवटाला खरंच गळ्यात हार पडत्यात. बाया टाळ्या पिटाया लागल्या.

मी मनात म्हनलं, ह्यांच्या घरात पानी कुठनं येतंय त्ये काय दावलंच न्हाय.

तेवढ्यात मालकीनबाय माझ्याकडं वळली. "अगं ए, ह्यो तर तुजाच पिक्चर हाय की!"

"माजा कसला?"

"का? तुज्या पुढच्या खोलीत न्हाय व्हय हिरो? केसं तेवढी पांढरी हायत त्येची. न्हायतर समदं जुळतंय."

"त्यो माजा भाया हाय," मी म्हनलं.

"हाय गं बाय, भाया हाय. आमी कुठं काय म्हनतोय?" म्हनली, आन पदर तोंडाला लावून पुन्यांदा हसली. त्या बायांत तिला एकटीलाच ठावं हुतं की त्यो माजा कुनी न्हाय. खोली तिनंच बघून दिली हुती मला.

मी शेंगा फोडत ऱ्हायले. हसू मला बी आलं असतं. पन पुढच्या आठवड्यात कळंबची मानसं माज्या पोरीला बघाया यायची हुती. पोरगा निर्व्यसनी, कॅनॉलखाली ऊस, घरात मोजकी मानसं. बापाविना पोरीला असं ठिकान परत परत येत न्हाय. आन ती मोडाया एखाद्या बायचं हसनं पुरतं.

आता ह्यो भाया कुठला, त्ये सांगते.

माजं मालक माणदेशाकडचं. भात्तर सालच्या दुष्काळात आमचं नुकतं लगीन झालेलं, आन आमी खडी फोडाया हिकडं आलो. तिकडचं मागं कुनी उरलं न्हाय, म्हनून हिकडंच ऱ्हायलो. कऱ्हाटी गावात एका बागायतदाराकडं मालक सालगडी म्हनून ऱ्हायलं, वस्तीवर खोपाट मिळालं. पोरगी तितंच झाली. ती शाळंत जात हुती तवा विहिरीच्या कामावर दरड कोसळली आन मालक गेलं. खोपाट नव्या गड्याला लागत हुतं. त्येंचं बी बराबर हाय, गडी ठिवायचा तर त्येला जागा नको? मी पोरीला घिऊन बारामतीला आले.

खोली मिळाली ती अशी. घरमालकानं दोन खोल्या बांधलेल्या, एकामागं एक, रेल्वेच्या डब्यावानी. पुढच्या खोलीला रस्त्याकडचं दार. मागच्या खोलीत चूल आन मोरी, मोरीत नळ. मागं बी एक दार हुतं, पन त्ये उघडायचं घरमालकाच्या भावाच्या जागंत. भावाभावांचं वाजलं, आन भावानं त्या दाराला लागूनच भिंत घातली. दार उघडलं की विटा. तर ह्या शान्या मानसानं काय करावं? पुढची खोली एकाला दिली, मागची मला दिली. एकाच दिवशी. दोघांस्नी बी सांगितलं, "स्वतंत्र हाय."

स्वतंत्र म्हंजे कसं, तर मला बाहीर जायाचं झालं तर त्येच्या बाजंपुढनं जायाचं. आन त्येला तांब्याभर पानी लागलं तर माज्या चुलीपुढनं मोरीत यायचं. मधी दार न्हाय, नुसती चौकट. तिला मी माजं जुनं लुगडं लावलं.

पहिल्या दिवशी त्यो आला, वळकटी आन एक लोखंडी पेटी घिऊन. मोटारी भरायच्या दुकानात कामाला हुता. म्हंजे विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या दुकानात आनायचं, आन ह्यो आतली तांब्याची तार उसकून नवी गुंडाळून द्यायचा. इंदापूरच्या अंगाचा मानूस. बायको बाळंतपनात गेलेली, मूल बी न्हाय. मला बघून दारातच थबकला.

"बाय, ही खोली मी घेतलीया."

"मागची मी घेतलीया."

"मग जायाचं कुठनं?"

"हितनं."

"आन पानी?"

"तितनं."

त्यो वळकटी घिऊन घरमालकाकडं गेला. मी बी मागनं गेले. घरमालक म्हनला, "आता दोघांनी बी घेतलीया. जुळवून घ्या. आडनाव बी एकच हाय की तुमचं." आडनाव एक हुतं, त्ये खरं. पन त्या आडनावाची आमच्याकडं निम्मी गावं हायत.

दुसरी जागा बघाया दोघांस्नी बी सवड न्हवती. ऱ्हायलो.

आता परका पुरुष आन विधवा बाय एका दारानं आत-बाहीर करनार, तर त्येला काय म्हनावं? लई इचार केला मी त्या रात्री. बाप म्हनावं तर तेवढा मोठा दिसत न्हाय. भाऊ म्हनावं तर भावाशी बोलावं लागतं, बसावं लागतं, ओवाळावं लागतं. त्येची केसं सगळी पांढरी हुती, म्हनून म्हनलं भाया धरावा. भाया म्हंजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात भायापुढं बाय डोईवरनं पदर घेती, त्येच्या नजरंला नजर देत न्हाय, त्येचं नाव घेत न्हाय. बोलायचं झालं तर लेकराला पुढं करून बोलायचं. "बाळ, काकास्नी सांग, जेवायला चला." भायाइतकं लांबचं नातं एका घरात दुसरं न्हाय. मला तसलंच पायजे हुतं.

मी कुनाला काय सांगितलं न्हाय. नुसता पदर घेतला. त्यो बाजंवर असला की भिंतीला अंग घासत बाहीर जायाची. आळीतल्या बायांनी बघितलं आन आपसात ठरवून टाकलं, "थोरला भाया हाय वाटतं. लई मर्यादा पाळती." त्यांनी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. आमच्याकडं हो म्हनायची ती बी एक तऱ्हा हाय.

त्येच्या ध्यानात ही गोष्ट आली कवा आन कशी, ठावं न्हाय. पन एक दिवस माजी पोरगी त्येला "काका" म्हनली आन त्यो "काय गं?" म्हनला. तितनं पुढं काकाच झाला.

पिक्चरमधल्यावानी आमचं भांडन कवाच झालं न्हाय. भांडायला बोलावं लागतं. पहाटं मी बाहीर निघाले की त्यो भिंतीकडं तोंड करून झोपायचा, जागा असला तरी. त्या भिंतीचं समदं पोपडं त्येला पाठ झालं असत्यान. आन त्यो पान्याला आला की मी चुलीत तोंड घालायची. चूल पेटलेली नसली तरी फुंकायची. मग त्येनंच एक शक्कल काढली. वायरिंगचा मानूस. त्येच्या खोलीत एक लाल दिवा लावला आन बटन माज्या खोलीत. मी बटन दाबलं की त्येनं समजायचं, बाय बाहीर येतीया. तसाच एक दिवा माज्या चुलीवर, बटन त्येच्याकडं. आळीतली पोरं बघाया यायची. लाईट गेली की मग खोकायचं.

पोरगी शाळंत न्हायतर शिवनक्लासला गेली की बोलायची पंचाईत व्हायची. एक मांजर हुतं, कुनाचंच न्हाय, आमच्या दोन्ही खोल्यांत फिरायचं. मी त्येला पुढं केलं. "मांजरे, सांग, रॉकेलवाला आलाय." पलीकडनं आवाज, "मांजरे, त्यांना सांग, कॅन दारात ठिवा." कवा कवा त्यो लांबनच म्हनायचा, "मांजरे, आज कालवन तिखट झालंय म्हनाव." कारन तवर त्येचं जेवान बी माज्याकडंच झालं हुतं. त्येचा भात रोज बुडाला लागायचा, वास माज्या खोलीत. वास सोसन्यापेक्षा दोन भाकरी जादा थापलेल्या बऱ्या.

"मांजराला म्हनाव, तिखट लागत असंल तर पानी प्यावं," मी म्हनायची.

"पानी मोरीत हाय. मोरीत जायला बटन दाबावं लागतंय."

"मग दाबा की."

असं चालायचं. पोरगी मोठी हुत गेली. तिला शिवनयंत्राची मोटर बसवून दिली त्येनं. तिला ताप आला तवा दुकान बंद ठिवून दवाखान्यात बसला. मी खानावळीतनं धावत गेले तर ह्यो बाकावर, पोरीचं डोकं मांडीवर. मला बघून उठाया लागला, भाया हाय ना. मी हातानंच खुनावलं, बसा.

एक दिवस पोरगी त्येला दुष्काळाचं इचारत हुती, शाळंत कायतरी धडा हुता. त्यो सांगत हुता की भात्तरला त्येला मिसरूड बी फुटलं न्हवतं. पोरगी पळत माज्याकडं आली. बापाला ती दादा म्हनायची. "आई, मग काका तर आपल्या दादांपेक्षा धाकटा हाय! दादांचं तवा लगीन झालं हुतं ना?"

"आन केसं?"

"त्येंच्या घरात समद्यांचीच लवकर पिकत्यात म्हनं."

मी तवा चुलीपुढं बसून ऱ्हायले. केसं बघून भाया धरला, आन निघाला दीर. आता ह्यात फरक काय, त्ये परक्या मानसाला कळायचं न्हाय. दीर म्हंजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. दिराशी बोलता येतं, थट्टा बी करता येती. आन आमच्यात विधवा बायनं दिराबरोबर पाट लावला, म्हंजे दुसरं लगीन केलं, तर कुनी नाक मुरडत न्हाय. भायाबरोबर मातर न्हाय. भाया सासऱ्याच्या जागी. माजी चूक सोपी हुती, पन समदी आळी ती पाळत हुती.

"कुनाला सांगू नगंस," मी पोरीला म्हनलं.

"का?"

"आता भाया म्हनून बसून झालंय."

पन त्येला बी कळलं हुतंच की, पोरगी काय म्हनली त्ये. मधी लुगड्याचाच पडदा. थोड्या दिवसांनी, पोरगी क्लासला गेलेली, पलीकडनं आवाज आला. "मांजरे, एक इचार. दिरानं भावजयीशी सरळ बोललं तर चालतंय का?"

मी तवा पीठ मळत हुते. हात थांबला. मांजर माज्या पायाशीच झोपलेलं. मी गोळा परातीत परत मळला. मग म्हनलं, "मांजरे, आधी पोरीचं जमू दे म्हनाव."

त्येनं पुढं काय इचारलं न्हाय. पन दुसऱ्या दिवशी शीळ वाजवत दाढी करत हुता. इतक्या वर्सांत त्येला शीळ येती हेच मला ठावं न्हवतं.

आन मग कळंबचं ठिकान आलं, आन त्यो पिक्चर.

मालकीनबाय मनानं वाईट न्हवती. पन हसायची गोष्ट पोटात ऱ्हायची न्हाय तिच्या. खानावळीला भाजी देनारी बाय कळंबच्या लोकांची पाव्हनी लागायची. तिला हिनं पिक्चरची गोष्ट सांगितली, आन शेपूट जोडलं, "आमच्या भाकरीवालीच्या घरात बी तसाच पिक्चर चाललाय." भाजीवाली हसली, आन जाऊन कळंबात सांगितलं. तितं कुनी हसलं न्हाय.

कळंबची मानसं बघाया आली त्या दिवशी मी पोह्याला फोडनी दिली. पोराचा बाप, पोराचा चुलता, आन पोराची आजी. आजी स्वतः हट्टानं आलेली. तिचा नवरा बैलांचा व्यापारी हुता, आन नवऱ्यामागं तिनं बी बाजार केलेलं. पुढच्या खोलीत सतरंजी घातली. ह्यो धुतलेलं धोतर नेसून बसला, घरातला थोरला म्हनून. मी आन पोरगी मागं. पडदा मधी.

पोरगी चहा घिऊन गेली, नाव-शिक्षान सांगून आली. पसंत पडली, त्ये आवाजावरनंच कळलं. चुलता खाकरला.

"तात्या, एक इचारतो. राग धरू नका."

"इचारा की आबा. राग कसला?"

"तुमी मयताचं थोरलं, का धाकटं?"

मला समजलं, पिक्चर कळंबापत्तूर गेला म्हनून. इचारलं मातर लई सभ्यपनानं. थोरला असंल तर भाया, सासऱ्याच्या जागी, कुनाला बोट दावायला जागा न्हाय. धाकटा असंल तर दीर. दीर आन विधवा भावजय एका छपराखाली, पाट न लावता. मग पुढचं इचारायची गरजच न्हाय. चहा पिऊन उठायचं आन जायाचं. आन परका म्हनून सांगितलं तर चहा बी प्याची गरज न्हाय.

पोरीनं माजा हात धरला. तिला बी समदं ठावं हुतं. पडद्याच्या फटीतनं मला त्येची पाठ दिसत हुती. पाठ हलली न्हाय. मला वाटलं त्येनं पडद्याकडं बघावं. मग वाटलं, बघू नये.

"थोरला," त्यो म्हनला. "केसं बघा की माजी!"

आन हसला. चुलता बी हसला. पोराचा बाप म्हनला, "झालं तर मग. आमी आपलं उगं इचारलं. लोकांस्नी काय, पिक्चर बघत्यात आन बोलत्यात." आजी तेवढी काय बोलली न्हाय. तिनं पान लावाया घेतलं. तितंच साखर वाटली, सुपारी फुटली.

मानसं गेली. पोरगी त्येच्या अंगावर धावली. "काका, तुमाला कळतंय का काय बोललासा त्ये?"

"कळतंय."

"आता कायमचं झालं की त्ये!"

"तुजं जमलं ना? जा, कपबशा उचल."

ती रडत कपबशा उचलाया लागली. त्यो पायताण घालून दुकानाला निघाला. मी मांजर बघितलं, तर त्ये मानसांच्या गर्दीला भिऊन कुठंतरी गेलेलं. म्हनून मी चौकटीत उभी ऱ्हायले आन म्हनलं, "भाकरी खाऊन जावा."

त्यो थांबला. "कुनाला म्हनला?"

"हितं दुसरं कोन हाय?"

त्यो परत आला, बसला, भाकरी खाल्ली. पदर मी तवा बी घेतलेलाच हुता.

लगीन कळंबात झालं. पोरीकडचा थोरला म्हनून त्येच्या डोक्याला फेटा बांधला. मी विधवा, मी मागं. पोरीला सासरच्यांच्या हाती त्येनंच दिलं. आन देताना असा रडला की माजं रडायचंच ऱ्हायलं. कुनीतरी त्येला पानी देत हुतं, कुनी म्हनत हुतं, "भावाची पोर, पन पोटच्यावानी सांभाळली बगा." मालकीनबाय लग्नाला आलेली. माज्या शेजारी येऊन बसली आन हळूच म्हनली, "पिक्चरवानी झालं न्हाय गं काय."

"का? शेवटाला लगीनच लागलं की," मी म्हनलं.

त्या दिवशी ती हसली न्हाय.

पोरगी गेल्यावर घरात आमी दोघंच. पोरगी नसताना त्या घरात ऱ्हानं जड जाया लागलं, मला बी आन त्येला बी. एक दिवस त्यो म्हनला, "मी दुकानाजवळ खोली बघितलीया." मी म्हनलं, "बघा." आन त्यो वळकटी बांधून गेला खरा. दुसऱ्या आठवड्यात कळंबहून पोरीचा सासरा दारात उभा! बाजारला आलेला, त्येला कुनीतरी सांगितलं. तसाच दुकानात गेला आन त्येला घिऊन माज्या घरी आला. सतरंजीवर बसवून लई समजावलं. "तात्या, भावजयीचं काय चुकलं असंल तर आमाला सांगा. पन थोरल्यानं असं घर टाकून जानं बरं न्हाय. मागं बाय एकटी. आमच्या सुनंला तितं घास गिळंना." ह्यो मान खाली घालून ऐकत हुता. मी पडद्यामागनं म्हनलं, "पाव्हनं, चूक माजीच हुती. कालवन तिखट झालं हुतं."

"बघा! एवढ्याशा गोष्टीवरनं," सासरा म्हनला, आन स्वतः सोबत जाऊन त्येची वळकटी हितं आनून टाकली.

म्हंजे ऱ्हायलो तरी पंचाईत, गेलो तरी पंचाईत. थोरला भाया कुठं जानार? आमी परत आपापल्या खोल्यांत. आता बोलायचो सरळ, कुनी नसलं की. पाव्हनं आलं की मी पदर घ्यायची आन त्यो मान वळवायचा. पाव्हनं लई येळा यायचं. पोरीचं सासर खरंच चांगलं निघालं, त्याला काय करावं?

पोरीला पहिला मुलगा झाला. ती बाळंतपनाला माज्याकडंच आलेली. बाराव्या दिवशी कळंबची मानसं आली, आन ती आजी बी. पुढच्या खोलीत पुरुष जेवत हुतं. ह्यो मधीच बसलेला, जावयाच्या बापाला आग्रह करत हुता, मोठ्यानं हसत हुता. आजी माज्याजवळ चुलीपाशी बसली हुती. पडदा बाजूला खोचलेला. ती लई येळ त्येच्याकडं बघत ऱ्हायली.

"थोरला न्हाय गं ह्यो," ती एकदम म्हनली.

माज्या हातातली पळी तशीच ऱ्हायली.

"मानसाचं काय, आन बैलाचं काय. केसं फसवत्यात. दात न्हाय फसवत. दात बघ त्येचं. तुज्याबरोबरीचा हाय ह्यो. तुज्या नवऱ्याच्या मागचा. आन भाऊ तरी हाय का न्हाय, देवाला ठावं."

मी म्हनलं, "आजी, कवा कळलं?"

"बघाया आलो तवाच. हसला की त्यो, केसं बघा म्हनून."

"मग तवा का न्हाय बोलला तुमी?"

"पोरगी चांगली हुती. आन त्येनं ज्या रीतीनं सांगितलं ना, ‘थोरला’ म्हनून, तसा मानूस नातेवाईक असला तर बरा, असं वाटलं मला." तिनं पानाची पिचकारी मोरीत टाकली. "नुसती केसं बघून बैल घेनारे लई बघितल्यात मी. असं आपनहून वय वाढवून सांगनारा पहिलाच."

मी जरा धीर केला. म्हनलं, "आजी, मग आता?"

ती माज्याकडं बघत ऱ्हायली. तिला कळलं मी काय इचारतीया त्ये. तिनं माज्या गुडघ्यावर हात ठिवला. हात खरखरीत, कासऱ्यानं घट्टं पडलेला.

"आता काय, बाय? मला एकटीला ठावं हाय म्हनून काय हुतंय? माज्या ल्योकाला, भावकीला, समद्या गावाला त्यो थोरला हाय. ह्या लेकराचा थोरला आजा हाय. आज तू पाट लावलास तर उद्या तुज्या पोरीच्या ताटाला हात लावायचं न्हाईत लोक." मग म्हनली, "भात वाढ, पुरुष थांबल्यात."

मी पदर सारखा केला आन भात वाढाया गेले. त्येच्या ताटात वाढताना बाकीच्यांपेक्षा जरा जादाच पडला. त्यो म्हनला, "बास बास." भायानं भावजयीला सरळ ‘बास’ म्हनलं म्हनून कुनी काय बोललं न्हाय. जेवताना चालतं तेवढं.

सांजच्याला गाडी भरून मानसं गेली. पोरगी बाळाला घिऊन झोपली. त्यो सतरंजी झटकत हुता. मला म्हनला, "म्हातारी काय म्हनत हुती गं एवढं? लई येळ कुजबुजत हुतीसा."

मी ताटं इसळत हुते. म्हनलं, "तुमचं दात चांगलं हायत म्हनली."

त्यो सतरंजी हातात घिऊन तसाच उभा ऱ्हायला. म्हातारी बैलबाजारवाल्याची बायको हाय, त्येला बी ठावं हुतं. मग हसला, पन तोंड मिटूनच.